वठलेल्या वृक्षाचे वारसदार

रानांत वठलेलें झाड दृष्टीस पडलें म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनांत दोन विचार येतात. हें आतां केव्हां तरी कोसळणार, हा पहिला. आणि याचें सरपण किती निघेल, हा दुसरा. दोन्ही विचार रास्तच आहेत. परंतु ज्या झाडाची पालवी कायमची गेली, त्याच झाडाच्या आश्रयानें रानांतील असंख्य जीवांचा संसार नुकता कोठें सुरू झालेला असतो, हा तिसरा विचार आपणांस सहसा सुचत नाहीं. या महिन्यांत त्या तिसऱ्या विचाराकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. आणि त्याबरोबरच, रानांत असें वाळलेलें लांकूड राखावयाचें तर त्यास खर्च किती येतो व तो कोणीं सोसावयाचा, या व्यवहारी प्रश्नाचाहि विचार करावयाचा आहे. भूतदयेच्या गोष्टी पुष्कळ होतात. हिशेब मांडल्यावांचून त्या तडीस जात नाहींत.

उदाहरणादाखल आपला बुलढाणा जिल्हाच घेऊं. सुमारें ९,६६० चौरस किलोमीटरांच्या या जिल्ह्यांत रानानें आच्छादिलेली भूमि एक दशांशहि भरत नाहीं. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पडले आहेत. त्या रांगेंत, बुलढाणा व खामगांव यांच्या दरम्यान, ज्ञानगंगा अभयारण्य आहे; तें १९९७ सालीं घोषित झालें असून त्याचें क्षेत्र सुमारें २०५ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस सातपुड्यांत, संग्रामपूर तालुक्यांत, अंबाबरवा अभयारण्य आहे व तें मेळघाट व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. या दोहोंच्या बाहेर, वनखात्याच्या कार्य आयोजनेप्रमाणें चालणारें रान ठिकठिकाणीं विखुरलेलें आहे. सारें रान पानगळीचें व शुष्क. साग, सालई, धावडा, अंजन, तेंदू, मोह, पळस व खैर हीं त्यांतील ओळखीचीं झाडें. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला एक तरुण वाघ शेंकडों मैलांची पायपीट करून २०१९ च्या अखेरीस ज्ञानगंगेंत पोहोंचला, तेव्हां या रानाचें नांव देशभर झालें. वाघाचें कौतुक व्हावें हें योग्यच आहे. परंतु रानाची प्रकृति पाहावयाची असेल, तर वाघाच्या पाऊलखुणांइतकेंच वठलेल्या खोडाकडेहि पाहावें लागतें.

झाड वठलें म्हणजे त्यावर लवकरच सुतार पक्षी येतो. जिवंत सागाच्या कठीण गाभ्यापेक्षां बुरशीनें मऊ पडलेलें लांकूड कोरणें त्यास सोपें जातें. तो ढोली कोरतो, तींत पिल्लें वाढवतो व पुढच्या विणीस बहुधा नवी ढोली कोरावयास घेतो. मागें राहिलेली ढोली रिकामी पडत नाहीं. पोपट, साळुंकी, दयाळ, हुदहुद, पिंगळा, वटवाघूळ हे सारे तयार घराचे भाडेकरी. राखी धनेशास तर जुन्या, मोठ्या झाडाची पोकळीच लागते. त्याची मादी ढोलींत शिरून विष्ठेनें व चिखलानें दार लिंपून घेते, चोंच जाईल एवढीच फट ठेवते, आणि कित्येक आठवडे नर त्या फटींतून तिला व पिल्लांना फळें आणि किडे भरवतो. असें सूतिकागृह कोंवळ्या, सरळ, निरोगी सागांत मिळणें शक्य नाहीं. त्यास लांकूडबाजारांत कवडीमोल ठरलेलें पोकळ झाडच पाहिजे.

झाड आडवें झालें कीं वारसदारांची दुसरी पिढी येते. भुंगेऱ्यांच्या अळ्या लांकूड पोखरतात. त्यांच्या बोगद्यांतून पाणी व बुरशी आंत शिरते. बुरशी लांकडांतील कठीण द्रव्यें विरघळवते. वाळवी उरलेलें वाहून नेते. आणि कांहीं पावसाळ्यांत त्या खोडाची माती होते. मधल्या काळांत ओंडक्याखालच्या ओलाव्यास गोम, विंचू, बेडूक, साप राहतात आणि त्यांच्या मागावर घोरपड येते. ज्ञानगंगेच्या रानांत अस्वलांची वस्ती आहे. मोहाचीं फुलें, बोरें व मध हा अस्वलाचा मोसमी मेवा. त्याचें रोजचें अन्न म्हणजे वाळवी व मुंग्या. कुजकें लांकूड हें वाळवीचें एक मोठें कोठार आहे. तेव्हां रान झाडून पुसून स्वच्छ करणें म्हणजे अस्वलाच्या कोठारास हात घालणें होय.

याच मालिकेंतील एक प्राणी आपल्या वाङ्मयांत फार जुना आहे. कोरडें काष्ठ लीलेनें कोरणारा भ्रमर कमळाच्या कोंवळ्या कळींत मात्र अडकून पडतो, हा ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांतील दृष्टान्त घरांतील वडील मंडळींच्या परिचयाचा आहे. त्याचा पूर्वार्ध हें शुद्ध निरीक्षण आहे. मोठ्या काळ्या भुंग्याची मादी वाळलेल्या लांकडांत बोगदा कोरते, त्यांत परागाचे गोळे रचते व त्यांवर अंडीं घालते. पानें कातरणाऱ्या रानमाश्यांपैकीं कित्येक भुंगेऱ्यांनीं सोडलेल्या भोकांत बिऱ्हाड करतात. हेच भुंगे व याच माश्या तुरीच्या फुलांवर येऊन एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. तूर बरीचशी स्वतःच्या परागानें फळते हें खरें. तथापि परपरागाचें काम मुख्यतः या मंडळींकडे आहे. आपल्या ताटांतील वरणाशीं बांधावरच्या वाळल्या बाभळीचा असा दूरचा, पण खरा, नातेसंबंध आहे.

रानपिंगळ्याची हकीकतहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञानें १८७३ सालीं या लहानशा घुबडाचें शास्त्रीय वर्णन केलें. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद मिळेना, व तो नष्ट झाला असें बहुतेक धरून चालले. पुढें १९९७ च्या नोव्हेंबरांत खानदेशांत शहाद्याजवळ पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांस तो पुन्हां आढळला; नंतर मेळघाटासह सातपुड्यांत इतरत्रहि त्याचा ठाव लागला. हा पक्षी दिवसां वावरतो, विरळ सागवनांत शिकार करतो व झाडाच्या ढोलींत पिल्लें वाढवतो. ११३ वर्षांनंतर सांपडलेल्या या पाहुण्यास राहावयास काय पाहिजे, तर पोकळ झाड.

मग अशीं झाडें कमी कां झालीं? १८६४ सालीं डीट्रिख ब्रांडिस या जर्मन गृहस्थांची हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि युरोपांतील वनशास्त्राची शिस्त येथें आली. त्या शिस्तीनें बेसुमार तोडीस आळा बसला, हें उपकारपूर्वक मान्य केलें पाहिजे. परंतु त्या शास्त्राच्या दृष्टीनें रान हें इमारती लांकडाचें शेत होतें, आणि वांकडें, पोकळ, वाळलेलें झाड म्हणजे त्या शेतांतील तण. तें उपटणें यास 'रानाची स्वच्छता' म्हणत. या स्वच्छतेचे परिणाम युरोपांतच प्रथम मोजले गेले. फिनलंडच्या रानांतील ४,००० ते ५,००० जीवजाती, म्हणजे तेथील वनजीवांचा चौथा-पांचवा हिस्सा, मृत लांकडावर अवलंबून असल्याचें आढळलें. उत्तर युरोपांतील अस्पर्श रानांत हेक्टरीं ६० ते १२० घनमीटर मृत लांकूड असे. तोडीच्या शिस्तींतल्या रानांत तें १० घनमीटरांच्या आंत आलें, आणि त्याबरोबर शेंकडों जाती धोक्यांत आल्या. आपल्या उष्ण हवेंत वाळवी व पाऊस लांकडाचा निकाल फार लवकर लावतात, म्हणून ते आंकडे येथें जसेच्या तसे लागू पडत नाहींत. बोध एवढाच घ्यावयाचा कीं, आपल्याकडे सांठा टिकत नाहीं. त्या अर्थीं आवक अखंड चालू राहिली पाहिजे.

आपल्या देशांत या बाबतींत एक महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. गोदावर्मन यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या वनविषयक खटल्यांत १४ फेब्रुवारी २००० रोजीं न्यायालयानें राष्ट्रीय उद्यानें व अभयारण्यें यांतून मेलेलीं, मरणोन्मुख, रोगट वा वाऱ्यानें पडलेलीं झाडें आणि गवत इत्यादि हलविण्यास मनाई केली. ज्ञानगंगा व अंबाबरवा येथील खोडांस त्यामुळें संरक्षण मिळालें. परंतु अभयारण्याच्या सीमेबाहेरील रानास हें कवच नाहीं. आणि धनेश कांहीं सीमेचा दगड ओळखत नाहीं. आपला प्रश्न आहे तो या बाहेरच्या रानाचा.

येथें एक अडचणीची गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. रानाकांठच्या गांवांत पुष्कळ चुली अजून लांकडावर पेटतात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गरीब घरांतून गॅसचीं सिलिंडरें पोहोंचलीं खरीं. परंतु सिलिंडर पुन्हां भरून आणावयास रोख पैसा लागतो, मोळीस केवळ श्रम लागतात. ज्या घरीं दोन्ही वेळचा स्वयंपाक गॅसवर होतो, त्या घरच्या सुशिक्षितांनीं डोक्यावर मोळी घेऊन कोसभर चालणाऱ्या बाईस पक्ष्यांच्या घरट्यांवर व्याख्यान द्यावें, हें शोभत नाहीं. तिच्या चुलीचा विचार न करणारी योजना न्याय्य नाहीं आणि टिकाऊहि नाहीं. कारण प्रत्येक खोडापाशीं पहारेकरी उभा करणें कोणत्याहि सरकारास परवडणारें नाहीं.

सुदैवानें चुलीची गरज व रानाची गरज एकाच लांकडावर येऊन आदळत नाहीं. चुलीस पाहिजे मनगटाएवढें लांकूड: लवकर पेटणारें, हातानें मोडणारें, डोक्यावर वाहतां येणारें. ढोलीस पाहिजे मांडीहून जाड खोड. सुतार पक्षी काटकींत घर करीत नाहीं, आणि मोळी बांधणारी बाई पोकळ ओंडका फोडीत बसत नाहीं. तसा ओंडका हलवावयास करवत व गाडी लागते, म्हणजे तो बहुधा विकण्याकरितांच नेला जातो. तेव्हां 'काटकी चुलीस, खोड रानास' हा एकच साधा नियम सर्वांनीं पाळला, तर गरिबाच्या सरपणास धक्का न लागतां रानाचें बहुतेक काम होतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ज्या ग्रामसभांस सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्यांस आपल्या रानाचे नियम ठरविण्याचा अधिकारहि आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें २००९ सालीं असा हक्क मिळवून रानाचा कारभार ग्रामसभेंत बसून करून दाखविला. वरील नियम नाक्यावरील पाटीवर लिहिला गेला तर तो हुकूम होईल. ग्रामसभेंत ठरला तर तो गांवचा रिवाज होईल.

आतां खर्चाच्या चढत्या क्रमानें उपाय पाहूं. स्वीडनमधील वनशास्त्रज्ञांनीं हाच हिशेब पैशांत मांडला आहे. आपोआप मेलेलीं झाडें न उचलणें व तोडीच्या वेळीं उंच खुंट ठेवणें हे उपाय स्वस्त पडतात, आणि उभ्या रानाची तोड वर्षानुवर्षें लांबविणें फार महाग पडतें, असें त्यांस दिसलें. आपल्याकडेहि हा क्रम बहुतांशीं तसाच लागेल.

पहिला उपाय अर्थातच न उचलण्याचा. वाऱ्यानें पडलेलें अथवा उभें वठलेलें जाड खोड जागच्या जागीं राहूं द्यावें. पोकळ लांकडास इमारती भाव येत नाहीं, तें जळाऊ म्हणूनच विकलें जातें. त्यांतून तोडणावळ व वाहतूक वजा केली तर सरकारी तिजोरीचा तोटा अल्प राहतो. खर्चाच्या रकान्यांत तर शून्यच मांडावें लागतें.

दुसरा उपाय विरळणीच्या वेळचा. सागाच्या रोपवनांत ठराविक मुदतीनें दाटी कमी करतात. त्या वेळीं निघणाऱ्या वांकड्या, दुभंगलेल्या झाडांपैकीं कांहीं तेथेंच पडूं द्यावीं व कांहीं उभींच वाळवावीं. बुंध्याभोंवतीं सालीचा व त्याखालील कोंवळ्या लांकडाचा पट्टा काढला कीं झाड उभ्या उभ्या वठतें. एका मजुराचें थोड्या वेळाचें काम. ब्रह्मदेशांत हीच युक्ति व्यापाराकरितां वापरीत. सागाचा असा पट्टा काढून तो दोनतीन वर्षें उभा वाळवीत, म्हणजे हलका होऊन नदींत तरंगे. हें काम अर्थात् कार्य आयोजनेंत बसवून वनखात्यानेंच करावयाचें. वाचकांपैकीं कोणीं कुऱ्हाड घेऊन निघावयाचें नाहीं.

तिसरा उपाय उंच खुंटाचा. कूप तोडतांना कांहीं निकस झाडें जमिनीलगत न कापतां छातीइतक्या उंचीवर कापावीं. मजुरी वाढत नाहीं. केवळ थोडें लांकूड मागें राहतें. मात्र सागास हा उपाय लावूं नये. सागाच्या खुंटास फुटवा येतो, आणि तो जोमदार यावयास खुंट जमिनीलगतच कापावा लागतो. सालईसारखें मऊ लांकूड या कामास चांगलें. तें लवकर कुजतें. अंजन किंवा धावड्याचें कठीण लांकूड पुष्कळ काळ टिकतें. दोन्ही प्रकार असले म्हणजे निरनिराळ्या अवस्थेंतील लांकूड रानांत एकाच वेळीं मिळतें, आणि प्रत्येक अवस्थेचे रहिवासी वेगळे असतात.

चौथा उपाय जिवंत पण ढोलीच्या झाडांचा. दर हेक्टरीं अशीं दोनचार झाडें निवडून त्यांवर रंगाचा पट्टा ओढावा व तीं कायमचीं राखावीं. आजचा पोकळ मोह हा उद्यांचा वठलेला मोह आहे. त्यास राखणें म्हणजे पुढील पिढीच्या नांवें ठेव ठेवणें होय.

पांचवा उपाय आगीच्या बंदोबस्ताचा. यास खर्च येतो, पण तो वनखातें असाहि करीतच असतें. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत शुष्क रानांत जमिनीलगत आग धांवते व कित्येक वर्षें कुजत आलेला ओंडका एका रात्रींत राख होतो. मोहफुलें वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची रीत आहे. तीच आग पुढें पसरते. पाचोळा न पेटवतां झाडून घ्यावा व जाळरेषा वेळेवर साफ कराव्या, एवढ्यानें आयतें जमलेलें पुष्कळ लांकूड वांचतें.

महाग उपाय म्हणजे उत्तम साग पक्व झाल्यावरहि न तोडतां ठेवणें, किंवा झाडोझाडीं लांकडी पेट्या टांगणें. पेटींत एखादा पिंगळा राहील. परंतु भुंगेरा, बुरशी व वाळवी यांस पेटीचा कांहीं उपयोग नाहीं, आणि दर वर्षीं दुरुस्तीचा खर्च चालूच राहतो.

यावर कांहीं आक्षेप येतात, त्यांचाहि विचार केला पाहिजे. मेलेल्या लांकडांतून कीड पसरून चांगलें रान नष्ट होईल, असें कित्येकांस वाटतें. मध्यप्रदेशांतील सालवृक्षांस खोडकिड्याचा मोठा उपद्रव झालेला आहे, व तेथें सावधगिरी आवश्यकच आहे. परंतु आपल्या जिल्ह्याचें रान सालाचें नाहीं, आणि सागाच्या ज्या दोन प्रमुख किडी आहेत त्या पानें खाणाऱ्या आहेत. वठलेल्या खोडांत त्यांची पैदास होत नाहीं. दुसरा आक्षेप धोक्याचा. तो रास्त आहे. सडक, शाळा, देऊळ, पाणवठा व जाळरेषा यांच्याजवळचें वठलेलें झाड काढलेंच पाहिजे. तिसरा आक्षेप चोरीचा, आणि तो उलट्या बाजूनें पाहण्यासारखा आहे. वाळलेलें झाड नेण्यास मुभा असली म्हणजे हिरव्या झाडाची साल गुपचूप काढून तें वाळविण्याची युक्ति पुष्कळ ठिकाणीं चालते. वाळलेलें जाड खोड कोणासच नेतां येत नाहीं असा रिवाज पडला, तर हिरवें झाड मारण्यांतला फायदाच संपतो.

आपल्या लोकांस हा विचार अगदीं नवा आहे असेंहि नाहीं. सह्याद्रींतील देवरायांतून पडलेली फांदीसुद्धां उचलूं नये असा दंडक कित्येक गांवीं पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या देवरायांचा अभ्यास करून त्यांचें मोल शास्त्रीय भाषेंत मांडलें. देवाच्या नांवानें जें राखलें गेलें, तें आतां समजून उमजून राखावयाचें आहे.

घरांतील मंडळींनीं करण्यासारखेंहि यांत कांहीं आहे. ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं बांधावरचा वाळलेला निंब वा बाभूळ मुळासकट काढण्याची घाई करूं नये. धोक्याच्या फांद्या उतरवाव्या, त्यांचें सरपण सालदारास द्यावें व खोड उभें ठेवावें. आणि उन्हाळ्याच्या सुटींत मुलें घरीं येतात, रानें निष्पर्ण असतात व ढोल्या दुरून दिसतात, तेव्हां मुलांस एक काम सांगावें: आपल्या शिवारांत मांडीहून जाड अशीं वठलेलीं खोडें किती आहेत, त्यांपैकीं किती ढोलीचीं, व त्यांत कोण राहतें, हें त्यांनीं वहींत लिहावें. पुढच्या वर्षीं तींच खोडें पुन्हां मोजावीं. या मोजदादीस कवडीहि लागत नाहीं. दोनतीन वर्षांच्या अशा वह्या ग्रामसभेपुढें ठेवल्या, तर आपलें रान कोणत्या वाटेनें चाललें आहे हें सांगावयास बाहेरून कोणी यावें लागणार नाहीं.